रेकॉर्डवरचा भोपळा

आमच्या यांची रेकॉर्ड निघालेली आहे, हे वाक्य मी संसारात इतक्यांदा ऐकलं की पाहुण्यांसमोर यांनी घसा खाकरला की मीच म्हणून टाकायची, "होय हो, निघालीय तुमची रेकॉर्ड. आता पोळी घ्या, गार होतेय." पाहुणे हसायचे. हेही हसायचे. पण ती रेकॉर्ड कुणी पाहिलेली नव्हती. यांनी स्वतःसुद्धा नाही.

हे काष्टीचे, शेतकऱ्याच्या घरातले. आयटीआय करून कापडगिरणीतले माग दुरुस्त करायला शिकले आणि लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच नायजेरियाला गेले, लागोस शहराजवळच्या एका गिरणीत. मी नगरला शाळेत शिक्षिका, नोकरी नुकती कायम झालेली, पोटात लेक. "तू पन चल," म्हणाले होते. मी म्हटलं, कायमची नोकरी सोडून कोण येतंय तुमच्या त्या आफ्रिकेत! तेव्हा आफ्रिका म्हणजे मला भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा आणि दोन सिंह एवढंच माहीत होतं. आणि भूगोल मीच शिकवत होते.

तर तिथल्या कामगारांचा एक बँड होता. दर शनिवारी संध्याकाळी गिरणीच्या मागच्या आवारात वाजवायचे. ट्रंपेट, सॅक्सोफोन, गिटारी, कमरेएवढे उंच ढोल. वाजवायचे ते अफ्रोबीट. तिकडं तेव्हा त्याचंच वारं होतं म्हणे, गल्लोगल्ली बँड. यांनी मला ते समजावून सांगायचा फार प्रयत्न केला. एकेक गाणं अर्धा अर्धा तास चालतं. आधी ढोल, मग गिटार, मग सगळे पितळी भोंगे एकदम. गाणारा उगवतो तो निम्मं गाणं झाल्यावर, आणि आल्या आल्या लष्करी सरकारला शिव्या घालतो.

"मग तोवर लोक करतात काय?" मी विचारलं.

"नाचत्यात. कुनाला घाई नसती, बाई," हे म्हणाले. शाळेतली पोरं मला बाई म्हणायची, म्हणून हेही चिडवायला तेच म्हणायचे.

त्या बँडमध्ये भोपळा वाजवणारा एक माणूस होता. खराखुरा भोपळा, वाळवून पोकळ केलेला, अंगावर दोऱ्याची जाळी आणि जाळीत ओवलेल्या कवड्या. हलवायचा आणि तळहातावर आपटायचा. तो माणूस नोकरी सोडून गावी गेला, तेव्हा सॅक्सोफोन वाजवणाऱ्या म्होरक्यानं भोपळा यांच्या हातात दिला. का, तर हे दर शनिवारी सगळ्यांत पुढं उभं राहून मांडीवर बिनचूक ठेका धरायचे. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा राहणाऱ्या माणसाच्या अंगात ठेका भिनणार नाही तर काय होणार! म्होरक्याची अट एकच. सुरुवातीला जो ठेका धरला तोच शेवटपर्यंत. मध्ये शहाणपणा करायचा नाही, आणि थांबायचं तर मुळीच नाही.

"आपल्या गोंधळात तुणतुण्यावाला असतो बघ," हे सांगायचे. "त्याच्याकडं कुनी बघत न्हाई. पन त्यो थांबला की समदा गोंधळ लंगडा व्हतो."

"म्हणजे तिथं जाऊनही तुमचं आपलं एकच तुणतुणं," मी म्हणायची.

परत यायच्या आधी, अगदी शेवटच्या आठवड्यात, त्या बँडनं लागोसला स्टुडिओत एक गाणं रेकॉर्ड केलं. हे दिवसभर भोपळा वाजवत होते. छापून आली की रेकॉर्ड पाठवू, असं सगळ्यांनी कबूल केलं आणि आठवण म्हणून भोपळाही देऊन टाकला. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी हे तो मांडीवर घेऊन विमानात बसले. रेकॉर्ड काही आली नाही. पुढं तिथली सरकारं उलथली, गिरणी बंद पडली, बँडमधली माणसं पांगली. "काय तात्या, आली का रेकॉर्ड?" हा काष्टीच्या आठवडे बाजारात यांना चिडवायचा ठरलेला प्रश्न झाला. हे म्हणायचे, "यील की."

भोपळ्याची गत तर निराळीच. काष्टीला सामान उघडलं, सासूबाईंनी कवड्या पाहिल्या आणि हातच जोडले. आमच्याकडं कवड्या म्हणजे तुळजापूरच्या आईच्या. परमुलखातून देवी आपल्या पायानं घरी आली, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. भोपळा देव्हाऱ्यात गेला, हळदीकुंकू लागलं, मंगळवारी-शुक्रवारी धूप सुरू झाला. यांनी एकदा वाजवायला म्हणून खाली काढला, तर सासूबाई कडाडल्या, "देवीला हालवतो व्हय रं मुडद्या?" आईपुढं हे कधी बोलले नाहीत. सासूबाई गेल्यावर थोरल्या जाऊबाईंनी धूप पुढं चालवला. भोपळा यांच्या हाताला परत लागला नाही.

मग हे मिळेल त्याच्यावर वाजवायचे. पोळ्यांचा डबा, स्कूटरचं सीट, सुप्याच्या कारखान्यात कामाला लागले तेव्हा जेवणाचा डबा. लेक लहान असताना तिची पाठ. लोकांच्या पोरी अंगाईनं झोपतात, आमची लागोसच्या ठेक्यावर झोपली. सकाळी मला शाळेची घाई, गॅसवर दूध, आणि यांचं आपलं डब्यावर चाललेलं. "अहो, बास की आता!" म्हटलं की म्हणायचे, "मधी थांबायचं न्हाई आसं ठरलंय, बाई."

पुढं यांचे कान गेले. मागांनी खाल्ले, दुसरं काय. यंत्र लावलं की माणसाचं बोलणं कसंबसं कळायचं, पण गाणं लावलं तर म्हणायचे, पत्र्यावर गारा पडत्यात. मग यंत्रही काढून ठेवलं आणि ओठ बघून बोलणं ओळखायला लागले.

आणि अशात पुण्याहून लेकीचा फोन आला. त्या जुन्या अफ्रोबीटला म्हणे पुन्हा चांगले दिवस आलेत. परदेशातली माणसं लागोसच्या गोदामांतून धुळीनं माखलेल्या रेकॉर्डी हुडकून परत छापतायत, म्हातारे वादक काठी टेकत स्टेजवर येतायत, आणि पुण्यातली पोरं कॉफी पिता पिता त्याच्यावर नाचतायत. त्यातच तिला बाबांच्या गिरणीच्या बँडचं नाव दिसलं. "आई, रेकॉर्ड खरंच आहे गं," म्हणाली आणि फोनवर रडायलाच लागली. तिचाही कधी विश्वास नव्हता म्हणायचा. माझा होता का? देव जाणे.

तिनं ती नगरच्या पत्त्यावर मागवली. ती येईस्तोवर यांचा जीव टांगणीला. बेल ऐकू येणार नाही म्हणून रोज दुपारी गेटपाशी खुर्ची टाकून बसायचे. "एवढंच बघायचं हाय," म्हणायचे, "त्यात मी हाय का न्हाई. बाकी काय नको." हृदयाचं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. आम्ही दोघं त्यावर बोलत नव्हतो.

रेकॉर्ड आली. पुढच्या रविवारी लेक प्लेअर घेऊन आली. रेकॉर्डच्या वेष्टणावर बँडचा फोटो होता. यांनी चष्मा पुसून एकेकावर बोट ठेवलं. ह्यो ट्रंपेटवाला, रंगखात्यातला. ह्यो ढोलवाला, लई हसवायचा. स्वतः मात्र फोटोत नव्हते. "फोटू मागनं काढला आसंल," म्हणाले आणि वेष्टण पालथं घातलं.

लेकीनं सुई टेकवली. हे स्पीकरवर दोन्ही तळहात ठेवून बसले. "ढोल कळतोय," म्हणाले. मग तळहात इकडं तिकडं सरकवून पाहिले. "भोपळा न्हाई लागत हाताला." माझ्याकडं वळले. "तू ऐक. मी हाय का बघ."

मी ऐकलं. ढोल सुरू झाले, गिटार त्यांच्यात शिरली आणि मग ते पितळी भोंगे असे उसळले की अंगावर काटा आला. बाई बाई, काय ते वाजवणं! हे असं होतं होय, आणि मी पोळ्या वाढत बसले! निम्म्यावर गाणारा आला आणि यांनी सांगितल्यासारखा भांडायलाच लागला. सगळं होतं. भोपळा नव्हता. मी लेकीकडं पाहिलं. तिनं हळूच नकारार्थी मान हलवली. यांच्या मागं त्या लोकांनी गाणं पुन्हा वाजवून घेतलं असेल, नाहीतर त्या दिवशीचं वाया गेलं असेल. आता कोण सांगणार?

आणि हे आमच्या तोंडांकडं बघत होते.

मी जन्मभर मास्तरीण. पोरगं कसंही असो, आईबापांसमोर तोंड सरळ ठेवायची सवय कामाला आली. मी यांचा हात स्पीकरवरून उचलून माझ्या मांडीवर घेतला आणि तळहातावर दोन बोटांनी ठेका वाजवायला लागले. रेकॉर्डवरचा नाही. पोळ्यांच्या डब्यावरचा. मला दुसरा कुठला येत होता?

यांनी डोळे मिटले. तोंडावर हळूहळू हसू आलं. "आगं, मीच की ह्यो," म्हणाले. मग डोळे उघडून माझ्या ओठांकडं बघत विचारलं, "घाई करतोय का गं मी? त्यो म्होरक्या लई वरडायचा, पळू नको म्हनून."

"नाही हो. अगदी जागच्या जागी आहे."

"शेवटपत्तुर हाय?"

"शेवटपर्यंत आहात."

खोटं बोलले. बोलले तर बोलले. बोटं दुखली तेव्हा हात बदलला, पण गाणं संपेस्तोवर थांबले नाही. लेक स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आली.

संध्याकाळी यांनी काष्टीला थोरल्या भावाला फोन लावला. "आली बरं का रेकॉर्ड! मी हाय तिच्यात. बाईनं सोता ऐकलं," असं मोठ्यानं सांगितलं आणि पलीकडचं काही ऐकू येणार नव्हतंच म्हणून फोन ठेवून दिला. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

दिवाळीच्या आधीच हे गेले.

दहावा काष्टीला झाला, नदीच्या काठी. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची भाषणं झाली, आणि मग पुतण्यानं मांडवातल्या लाउडस्पीकरवर ते गाणं लावलं. "ह्यात भोपळा वाजतोय त्यो आपल्या तात्यांचा हाय," त्यानं माईकवर सांगितलं. सगळं गाव मान खाली घालून ऐकत होतं. "व्हय व्हय, ह्यो काय वाजतोय," माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली. जाऊबाईंनी पदरानं डोळे पुसले. "लई झ्याक वाजिवलाय भाऊजींनी." बाजारात चिडवणारे सगळ्यांत पुढं बसले होते आणि माना डोलवत होते. अख्ख्या काष्टीला भोपळा ऐकू येत होता. मला येत नव्हता. मी हंबरडा फोडला, तेव्हा बायकांनी मला धरलं. कुणाला काय सांगणार होते मी?

निघताना जाऊबाईंनी देव्हाऱ्यातून भोपळा काढून माझ्या हातात दिला. "न्या. देवी काय म्हनायची न्हाई."

नगरला आल्यावर मी तो हलवला, आयुष्यात पहिल्यांदा. कुंकवाची धूळ उडाली आणि आवाज आला, सुपात धान्य पाखडावं तसा. असा आहे होय तुमचा आवाज, म्हटलं. मला ठेका पाठ होता, आवाज कधी ऐकलाच नव्हता. मग वेडी आशा लागली. त्या दिवशी कुठला आवाज शोधायचा ते माहीत नव्हतं, म्हणून सापडला नसेल. रेकॉर्ड लावली, स्पीकरला कान लावून शेवटपर्यंत बसले. नव्हता. कुठंच नव्हता.

मी सुई परत पहिल्यापासून ठेवली आणि भोपळा हातात घेतला.

आता रोज दुपारी वाजवते. शेजारणींना वाटतं, म्हातारीला वेड लागलं. वाटू दे. हात भरून येतो, चहा गार होतो, दाराची बेल वाजते, पण मी उठत नाही. मी थांबले की त्या रेकॉर्डमध्ये हे नसतात.