बजबजच्या नळ्या

दुर्गापूजेच्या सुट्टीनंतरचा सोमवार, सकाळचे सव्वानऊ. सियालदहजवळच्या एका संशोधन संस्थेचा तिसरा मजला. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरखाली पाण्याचं थारोळं, आणि त्या पाण्यात उभ्या डॉ. वृंदाताई काळे.

सत्तावीस वर्षं कोलकात्यात बातमीदारी करतोय. बायोटेकवाल्यांचे किस्से डायरीत साचत जातात. ऐकणारे हसतात, संपादक बाजूला ठेवतात. या फ्रीझरचे किस्से मात्र मी बाजूला ठेवणार नाही.

*

वृंदाताई नवऱ्याच्या फोर्ट विल्यममधल्या लष्करी बदलीमुळे इथे आल्या. तो निवृत्त झाला तरी त्या इथेच राहिल्या, शहराबाहेरच्या बजबज गावातल्या ज्यूट मिलच्या कामगारांसाठी. तागाची धूळ एकाचं फुफ्फुस खाते आणि शेजारच्याला सोडून देते. असं का, ते रक्तातल्या जनुकांवरून शोधायचं, म्हणजे नव्या कामगारांना वेळीच सावध करता येईल.

मिलमधून रिटायर झालेले निमाईदा माणसं जमवायचे आणि रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून लोकलने आणायचे. एकदा सियालदहला मासळीवाल्यांच्या गर्दीत कुणीतरी डब्याकडे बघून विचारलं, "काय दादा, इलिश का?"

निमाईदा म्हणाले, "नाही रे बाबा. माणूस!"

*

जनुकं वाचणारं मशीन एका परदेशी कंपनीचं. त्याला रसायनंही तिचीच लागतात, आणि रसायनाच्या डब्यावरची चिप मशीन आधी तपासून घेतं. कस्टम्समध्ये रखडलेला डबा मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचला. मशीनने तो घेतलाच नाही!

कंपनीचा इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "मशीन तुमचं आहे मॅडम. परवानगी आमची."

"माझ्या सासूबाई बऱ्या होत्या हो," वृंदाताई मला म्हणाल्या.

नवा डबा येईपर्यंत नळ्या फ्रीझरमध्येच थांबल्या.

*

मग त्याच कंपनीने वृंदाताईंचा फ्रीझर बनवणारी कंपनी विकत घेतली. पंचतारांकित हॉटेलात सोहळा झाला. पडद्यावर भलीमोठी अक्षरं : 'तुमचा एकही नमुना हरवणार नाही.'

मी उभा राहिलो. "उद्या फ्रीझर बिघडला, तर फोन कुणाला करायचा?"

"ग्रेट क्वेश्चन!" कंपनीचे साहेब हसून म्हणाले, आणि दुसऱ्या पत्रकाराकडे वळले.

*

उत्तर वृंदाताईंना मिळालं. फ्रीझर आवाज करू लागला म्हणून त्यांनी जुन्या नंबरवर फोन केला. तिथून नवा नंबर मिळाला. नव्या नंबरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, तुमचा फ्रीझर आमच्या यादीत नाहीये."

"अहो, माझा हात आहे त्याच्यावर!"

"यादीत नसलेल्या मशीनची तक्रार घेता येत नाही, मॅम."

पूर्वी फ्रीझरचा गजर वृंदाताईंच्या मोबाईलवर वाजायचा. आता ते ॲप बंद झालं होतं. गजर थेट कंपनीच्या देखरेख केंद्रात जाणार होता. 'माझाही नंबर ठेवा' अशी त्यांनी तीनदा मेल केली. तीनही मेलना उत्तर आलं : 'तक्रार निकाली.'

*

पूजेत संस्था बंद असताना फ्रीझर बंद पडला. सोमवारी दुपारी निमाईदा आले. सगळ्या नळ्या वितळून वाया गेल्याचं वृंदाताईंनी सांगितलं.

"त्यात काय दिदी, परत देऊ की रक्त!" असं म्हणून ते नावं बोटांवर मोजू लागले. चौथ्या बोटाशी थांबले.

"हारू गेला. बिशू गेला. करीमभाई गेले. माझा भाऊ गेला. यांचं रक्त कुठून आणू, दिदी?"

वृंदाताई फरशी पुसत राहिल्या.

*

फ्रीझरच्या मेमरीतल्या नोंदी मी स्वतः पाहिल्या. सप्तमी, अष्टमी, नवमी, तीनही दिवशी देखरेख केंद्राकडे गजर गेला होता. तीनही वेळा केंद्रातून उत्तर आलं होतं : 'पाहिलं. काळजीचं कारण नाही.'

मी कंपनीला लेखी विचारलं, त्या तीन दिवशी ड्यूटीवर असलेल्या माणसाचं नाव काय?

दोन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं :

'सदर केंद्र उन्हाळ्यातच बंद करण्यात आले असून तेथे कोणीही कामास नाही.'