वसंतानं आवाज चढवला नाही

वसंता गेला, हे त्याच्या मुलानं, निनादनं, मला फोनवर ओरडून सांगितलं. त्या घरातून इतका मोठा आवाज मी प्रथमच ऐकत होतो. धारहून देवासला पोहोचेपर्यंत बसमध्ये मी रडलो कमी आणि वसंतावर चिडलो जास्त. डोळ्यांपुढे सारख्या कुमुदवहिनी येत होत्या. त्यांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि या गृहस्थानं कधी आवाज चढवला नाही. तरी दोघांचं सगळं बोलणं व्हायचं, कसं ते देव जाणे. आता त्यांच्याशी बोलणार कोण?

या सगळ्याचं मूळ एका गायिकेत आहे. बाईंचं नाव लिहीत नाही. त्यांचे चाहते भांडकुदळ, आणि वसंता त्यांतला मेरुमणी. आम्ही धारला कॉलेजात असताना गणेशोत्सवात त्यांचं गाणं ऐकायला देवासला गेलो होतो. ऐन रंगात माइक बंद पडला. मागून "आवाज! आवाज!" सुरू झालं. बाई थांबल्या, हसल्या. म्हणाल्या, "ओरडता मलाही येतं हो, पण मग गाणं राहील का? तुम्हीच पुढे सरका." लोक निमूट सरकले. त्यानंतर त्या इतक्या हळू गायल्या, की खोकणाऱ्यांनीही खोकला आवरला. मलाही आवडलं. मी दुसऱ्या दिवशी पोहे-जलेबी खाऊन घरी आलो. वसंता मात्र, जो तोवर कबड्डीत सगळं मैदान डोक्यावर घ्यायचा, त्या दिवसापासून हळू बोलू लागला... आणि शेवटपर्यंत तसाच बोलला!

देवासच्या शाळेत तो गणित शिकवायचा. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून आलं, "माटसाब, सुनई नी दे!" हा फक्त हातानं पुढे या म्हणाला. महिन्याभरात सगळा वर्ग त्याच्या टेबलाला चिकटून बसू लागला आणि, सांगायला जिवावर येतं, गणितंही सोडवू लागला. भाजीबाजारात मात्र अब्रू जायची. "भिया, मन में बोल रिये हो क्या?" भाजीवाला विचारायचा आणि मी बाजूला उभा राहून दुभाष्याचं काम करायचो. बाईंची टेप लावली की ऐन मे महिन्यात पंखा बंद. घामानं निथळत मी म्हणायचो, "अरे, जरा मोठी कर की!" तर म्हणायचा, "ती जपून गातेय, तूही जपून ऐक." असा संताप यायचा!

पुढे वहिनींचे कान गेले. यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारायचं, म्हणून डबीत गेलं. आता तरी हा बदलेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. मी तर भांडलोच. "वसंता, पुरे झाली तुझी भक्ती, बायकोसाठी तरी ओरड!" तो शांतपणे म्हणाला, "ओरडलं की चेहरा रागावल्यासारखा होतो रे. तिला चेहराच दिसतो." यावर मी आणखीच चिडलो.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो. घरात नुसता आरडाओरडा. शेजारीण ओरडून जेवणाचं विचारत होती, निनाद ओरडून आपल्याकडे इंदूरला चल म्हणत होता. वहिनी सगळ्यालाच मान डोलवत होत्या. मीही ओरडलो, "वहिनी, कशा आहात?" त्यांनी डोळे मिटून घेतले. "सगळे माझ्यावर का रागावलेत हो, भाऊजी? मी काय केलं?"

वसंता समोर असता तर मी त्याचा गळाच धरला असता. काय सवय लावून गेलास या बाईला! मग त्यांच्या खुर्चीला खेटून असलेल्या बुटक्या स्टुलावर टेकलो. त्याची वेताची बैठक मधोमध पार खचली होती. गुडघे हनुवटीला आले, आणि वहिनींचा कान बरोबर माझ्या तोंडाशी आला. हळूच म्हणालो, "वहिनी, फार छळलं हो त्यानं मला."

"मला काय कमी?" त्या म्हणाल्या, आणि हसता हसता रडू लागल्या.

"काय झालं, काका?" निनाद दारातून ओरडला. मी उठलो आणि त्याला त्या स्टुलावर बसवलं.