जर्मनीत धरलेला शनिवार

मागच्या महिन्यात जर्मनीत मी भरल्या घरात धडधडीत खोटं बोलले. समोर शेवभाजीचं ताट होतं...

तिथल्या मराठी मंडळात रविवारी माझं भाषण होतं. विषय नेहमीचाच, बायकांचे उपवास आणि बायकांची तब्येत. वीस वर्षं जळगाव-धुळ्याच्या गावागावांत मी यावर घसा फोडून बोलतेय.

मला आयबीएस आहे. म्हणजे रिपोर्ट सगळे नॉर्मल, आणि आतडी मात्र कायम बंड करून उठलेली. डॉक्टरांनी यादी दिलीय... कांदा, लसूण, गहू, बहुतेक डाळी बंद. भात, भगर, उकडलेला बटाटा, केळं चालतं.

मागच्या वर्षी बोदवडला आग्रहाखातर दुपारी चार घास भरीत खाल्लं आणि संध्याकाळी भाषण अर्धवट टाकून स्टेजवरून पळाले. तेव्हापासून भगरीची पाकिटं आणि छोटा कुकर बॅगेत असल्याशिवाय मी गाव सोडत नाही.

ज्यांच्याकडे उतरले होते ते मूळचे धुळ्याचे. मुलगा-सून दोघं शिकलेली, प्रेमळ. मुलाची आई तीन महिन्यांसाठी आलेल्या, त्यांना मी मावशी म्हणत होते. यादी मी आधीच पाठवली होती, 'नक्की ताई' असं उत्तरही आलं होतं. तरी शनिवारी संध्याकाळी ताटात शेवभाजी, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

मी म्हटलं, मला आजार आहे हो.

"ताई, घरचं आहे, बाहेरचं थोडंच आहे!"

"जळगावच्या ना तुम्ही? आणि भरिताला नाही म्हणता?"

एक पाहुणे म्हणाले, इथलं पाणी एकदम प्युअर, इथे कुणाचं पोट बिघडतच नाही. सून वाढतच होती... "एकच घास, माझ्यासाठी."

बोदवडचं स्टेज डोळ्यांसमोर आलं. उद्याही तसंच झालं तर? आणि मी म्हणाले, "आज माझा शनिवार आहे."

"अहो, आधी सांगायचं ना!" ताट लगेच उचललं गेलं. रात्री सोडणार का, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, "नाही, कडक असतो माझा." मुलाने हातच जोडले. "आमची आईसुद्धा आठवड्यातून चार करते, ताई. या वयात!"

आजारासाठी मी दहा मिनिटं भांडले, त्याला कुणी विचारलं नाही. ज्या देवाला मी मानत नाही त्याच्या नुसत्या वारावर सगळं घर गप्प झालं. सुनेने भगर छान मऊ केली होती, पण ती मला कडू लागली...

सकाळी स्वयंपाकघरात मावशी एकट्याच होत्या. हळूच म्हणाल्या, "बहीन, काल तुना उपवास नव्हता ना?"

मी मान खाली घातली.

"माले बी सोसस नही. लसूण खाधा का पोट धरीसन बसस. पोऱ्याले सांगं, तं म्हने गोळी खाय. मंग मी उपवास धरा. आते कोनीबी काय म्हनस नही."

चार दिवस भगर आणि केळं. माझी यादी या बाईने डॉक्टरशिवाय शोधून काढली होती. आणि मी? वीस वर्षं अशाच बायकांना 'उपवास सोडा' म्हणून स्टेजवरून झापत आले... एकीलाही कधी विचारलं नाही की बाई, तुझं पोट दुखतं का?

दुपारी मंडळात ओळख करून देताना मुलाने सांगितलं, ताईंनी परदेशातही शनिवार मोडला नाही. टाळ्या पडल्या. मी माइक घेतला आणि म्हणाले, "तो उपवास खोटा होता. आजार खरा आहे."

त्या संध्याकाळी घरात माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. मावशींचं मात्र मी सांगितलं नाही, तो हक्क त्यांचा होता.

मावशी आता धुळ्याला परतल्यात. हे लिहिण्याआधी त्यांना फोन केला. "लिख ना माय. फक्त मनं नाव नको टाकू." म्हटलं, मुलगा वाचेल, ओळखेल. त्या हसल्या. "वाचू दे. मी सांगं ते ऐकं नही त्यानी. वाचीसन तरी समजी."

तर दादा, तुम्ही वाचत असाल तर... आज गुरुवार. आईचा उपवास असेल. एक फोन करा आणि विचारा, पोट कसं आहे.