बिशपाची आकडी

धोंडाबाईला कुणी बावळट समजलं, की ती मनातून खूश होते. समोरचा गाफील राहतो ना! वेल्ह्याच्या डोंगरात मेंढरं राखणारी ही सत्तरीची धनगरीण थाप मारते, तेव्हा चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही.

तिच्या वाडीवर एक जुनं जोतं आहे. त्याला सगळे बिशपाची कचेरी म्हणतात. इंग्रजांच्या अँग्लिकन चर्चचा मोठा साहेब, म्हणजे बिशप, उन्हाळ्यात इथून कारभार बघायचा. पुढं वेगवेगळी चर्च एकत्र झाली, ते पद गेलं, आणि बंगल्याची कौलं ज्याच्या हाताला लागली त्यानं नेली. तिथला रखवालदार रखमाजी, म्हणजे धोंडाबाईचा सासरा, त्याच्या वाट्याला साहेबाची काठी आली. दिली की उचलली, हे तिनं कधी विचारलं नाही. काठीचं टोक धनगराच्या आकडीसारखं छान वळलेलं, बाभळीची डहाळी ओढायला अगदी मापाचं. धोंडाबाई लग्न होऊन आल्यापासून त्या काठीनंच मेंढरांना पाला पाडते.

परवा पुण्याहून प्रेरणा नावाची मुलगी आली. कचेरीचा इतिहास लिहीत होती.

"मावशी, तो बिशप कसा होता, काही ऐकलंय?"

"धनगर व्हता."

प्रेरणाचं पेन थांबलं.

"हातात कायम आकडी. लोकांना म्हणायचा, तुमी माजी मेंढरं. मग धनगर न्हाई तर काय, तलाठी?"

ही मात्र थाप नव्हती. सगळी वाडी असंच मानते. साहेब मेंढरं कुठं कोंडायचा, एवढंच कुणाला उमगलेलं नाही.

प्रेरणा हसून बेजार झाली. मग तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. लांब झग्यातला साहेब, हातात तीच काठी. "हीच शोधतेय. सापडली तर पुण्यात काचेच्या कपाटात ठेवतील."

धोंडाबाई जरा पसरून बसली. काठी तिच्याच बुडाखाली, घोंगडीत गुंडाळलेली होती.

"सासऱ्यानं चुलीत घातली," ती म्हणाली. "लई थंडी व्हती तवा."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. धोंडाबाईला वाईट वाटलं, पण काठी द्यावी इतकं नाही.

तेवढ्यात एक कोकरू जोत्यावरून घसरलं आणि खालच्या करवंदीच्या जाळीत अडकून बें बें करायला लागलं. हात पोचेना. धोंडाबाईनं एकदा कोकराकडं बघितलं, एकदा प्रेरणाकडं. मग एक शिवी हासडली, घोंगडी झटकली, आकडा कोकराच्या पायात घातला आणि त्याला अलगद वर ओढलं.

प्रेरणा फोटोकडं बघत होती आणि काठीकडं.

"मावशी, ही जळाली होती ना?"

"व्हय." धोंडाबाईनं कोकरू काखेत मारलं. "पर पोरी, साहेबाला जलमभरात हिनं एक मेंढरू धरता आलं न्हाई. काचंत घालून आता कोण धरणार हाय?"

प्रेरणानं पेन पुन्हा उचललं. "मग मी लिहू काय?"

"लिव की. पद गेलं, काठी कामावर हाय."