साखरेचा डबा

लांज्याच्या एका आहारसल्लागाराने मला फसवलं. हृदयाच्या नावाखाली त्याने मला सहा महिने साखर पाजली.

डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकण्यापासून मी सुरुवात केली. आज रत्नागिरीच्या बंदरावर लिलावाला मी उभी राहिले की बाकीचे व्यापारी जपून बोली लावतात. कल्ला उघडून आतला रंग बघितल्याशिवाय मी मासा घेत नाही. सख्ख्या भावाच्या होडीतलाही नाही. त्यावरून तो वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता.

गेल्या वर्षी छातीत दुखलं आणि स्टेंट बसला. डॉक्टर माझं जुनं गिऱ्हाईक. रक्तवाहिन्यांना आतून बारीक सूज आहे, ती उतरली नाही तर पुन्हा अडथळा होईल, असं त्यांनी समजावलं. गोळ्या चालू ठेवायच्या, गोड आणि तळलेलं कमी, पालेभाजी, कडधान्यं, आणि तारली-बांगडा, पण कालवणात. मला रागच आला. तारली मी जन्मभर विकली, घरी मात्र सुरमईच तळली. एवढ्या शिकलेल्या माणसाने मला गरिबाचा मासा सांगावा?

त्याच आठवड्यात हा सल्लागार भेटला. मासळी उष्ण, ती बंद करा, ही पावडर तीन वेळा दुधातून घ्या, सूज आपोआप उतरेल, म्हणाला. मी तासभर घासाघीस करून भाव पाडला आणि लढाई जिंकल्यासारखी घरी आले. सून म्हणाली, "आई, डब्यावर काय लिहिलंय ते वाचू दे तरी."

"तुझं वय किती, माझा धंदा किती?" मी तिला गप्प केलं.

सहा महिन्यांनी तपासणी केली तर सूज वाढलेली, वर रक्तातली साखरही वाढलेली. डॉक्टरांनी डबा मागवला, मागची बाजू वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"मावशी, यात पहिलंच नाव साखरेचं आहे. ह्याचा कल्ला नाही बघितलात?"

सोबत आलेली सून पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत राहिली.

मी तडक लांज्याला गेले. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, प्रत्येकाची प्रकृती वेगळी." वर दुसरा, मोठा डबा पुढे केला. मी इतकी ओरडले की शेजारचे दुकानदार बाहेर आले.

आता घरात रोज भाजी, कुळीथ आणि तारलीचं कालवण. पुढच्या आठवड्यात पुन्हा वाहिन्या तपासायच्या आहेत. काय निघेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. डबा वाचला नाही ही चूक माझी, ती मी कबूल करते. पण सल्लागारा, माझ्या छातीत स्टेंट आहे हे तुला मीच सांगितलं होतं, आणि डब्यात काय आहे हे तुला ठाऊक होतं. तरी माझ्या ताटातली मासळी काढून तू तिथे साखर का ठेवलीस? प्रकृतीची भाषा मला नको. माझ्या डॉक्टरांसमोर येऊन बस आणि उत्तर दे.