बूट म्हणा, स्प्लिंट म्हणा

संध्याकाळी नवरा विचारतो, "आज काय विशेष?" मी म्हणते, "काही नाही." आणि चहाला उकळी येईपर्यंत दोन किस्से सांगून झालेले असतात!

समता कॉलनीतल्या मुलांच्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. सेरेब्रल पाल्सीची मुलं येतात. कित्येकांची टाच वर उचललेली, चालणं चवड्यावर. टाच जमिनीला टेकावी म्हणून आम्ही मापाचा प्लास्टिकचा स्प्लिंट देतो. आईबाप त्याला बूट म्हणतात. तो दिवसभर पायात राहावा, एवढंच माझं मागणं. दिवसभर मी बोलतेही तेवढंच.

*

बूढ़ापाऱ्यातली एक आजी नातीला घेऊन येते.

"स्प्लिंट घालता ना?"

"हव, रोज! बाहेर जाताना."

"आणि घरात?"

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "घरात बूट? काहून, तुमच्याकडे चालते?"

स्प्लिंट दारात, चपलांच्या रांगेत!

*

बीरगांवचे एक वडील कारखान्यातून थेट येतात. स्प्लिंट का घालायचा, हे मी चित्र काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"समझ गया, दीदी. थोड़ा चलने लगे, फिर पहनाएँगे."

मी नवा कागद घेतला.

*

एका आईची तक्रार. "रुतते त्याले. रडते पोट्टा."

मी नेहमीचं म्हटलं, "थोडा थोडा वेळ वाढवा. सवय होते."

तिची नजर माझ्या पायांकडे गेली. लग्न नवं, जोडवी नवी.

"तुमाले झाली?"

मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

*

आणि सोनूची आई! सोनूची टाच अशीच आखडत गेली तर ऑपरेशन करावं लागेल, असं आमच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. त्यानंतर ती आलीच नाही. मी धरून चालले, हाही स्प्लिंट गेला कपाटावर.

परवा आली ती भांडतच. स्प्लिंट टेबलावर आपटला.

"मॅडम, कसा माल देऊन राहिले तुम्ही? खालचं रबर पुरं घासून गेलं!"

मी मान वर न करता म्हटलं, "चवड्याकडून घासतंच ते, ताई."

"चवड्याकडून नाही हो! टाचेकडून!"

मी डॉक्टरांना हाक मारली. ते आले, स्प्लिंट उलटा करून बघत राहिले.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "कुठून?"

"टाचेकडून!" ती आणखीच चिडली. "आता किती वेळा सांगू?"