टांग्यात न मावलेलं जातं

तमाम नातेवाइकांना, नांदेडात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या पळालेल्यांना, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की आमच्या घराण्यानं निजामाचं राज्य सोडलं ते एका दगडावरून भांडत.

रझाकारांची दहशत वाढली होती. टांगा दारात उभा, आणि आई हटून बसलेली, "जातं घेतल्याबिगर मी हालत न्हाई." दादा, म्हणजे माझे वडील, निजामाच्या कचेरीतले कारकून. घामानं डबडबले. "अगं, टांग्यात माणसं बसवू का दगड?"

"माँजी, घोडा मर जाएगा," टांगेवाला रडकुंडीला आला.

आम्ही भावंडं फिदीफिदी हसत होतो. ओट्यावरचा अर्मनी बाबा तेवढा हसत नव्हता.

बाबा आमचा भाडेकरू, मूळचा आर्मेनियाकडचा, कापसाच्या जिनिंगमधला मिस्त्री. पहिल्या महायुद्धात तुर्की शिपायांनी त्याचं अख्खं गाव घराबाहेर काढलं आणि वाळवंटातून चालवत नेलं. पाणी नाही, थांबणं नाही. घरातला तो एकटा उरला. हे कुणीतरी लिहून ठेवावं म्हणून त्यानं मागं एकदा दादांना गळ घातली होती. दादा दार लोटून कुजबुजले, "निजाम हुजुरांची सोयरीक तुर्की घराण्यात, आन् मी हे लिहू? नोकरी जाईल ना, बाबा!"

"नका लिहू," आई आतून म्हणाली. "मी जात्यावर म्हणते."

दुसऱ्या दिवसापासून बाबाची माणसं ओवीत आली. पण माहेरच्या ओवीत भाऊ बहिणीला न्यायला येणारच, मेलेला भाऊ तिथं चालतच नाही. म्हणून बाबाचा भाऊ हाकोब रोज पहाटे बैलगाडी जुंपायचा, बहीण शुशान दारात वाट बघायची, आणि जोंधळ्याच्या शेवटच्या मुठीला त्याची आई नावानिशी यायची, लेकाला जवळ घ्यायची. जोंधळ्याच्या शिवारातून अर्मनी वऱ्हाड! मला हसू आवरत नसे. बाबा हातातला चहा निवेपर्यंत ऐकायचा. एकदा म्हणाला, "अम्मा, उनको पैदल नको चलाओ. गाडीमेंच बिठाओ."

टांगा निघाला. जातं राहिलं, बाबाही राहिला. "एक बार चल लिया, अब नको," एवढंच बोलला. पुढं त्याचं काय झालं ते सांगणारं कुणी भेटलं नाही.

सोलापुरात माडीवरची खोली मिळाली. जातं मांडायला जमीनच नाही. कोपऱ्यावर विजेची गिरणी: डबा ठेवा, नंबर लावा, पीठ तयार. मी तर नाचलेच! आता माझ्याकडं गॅस आहे, मिक्सर आहे. घर म्हणाल तर नांदेडच्या भिंती मला आठवत नाहीत. जात्याच्या खुंट्याला हात लागला की तोंडातून आपोआप ओवी निघायची, ते घर. खुंटा सुटला तशा ओव्या गेल्या. हाकोब आणि शुशान, एवढी दोन नावं उरलीत. ती ऐकून कुणाला काय कळणार?

एकदा गिरणीच्या रांगेत आईनं डोळे मिटले आणि रिकामा हात गोल फिरवून बघितला. पट्टा धडधडत होता. बायका हसल्या, मीही हसले. हात फिरत फिरत थांबला. शेवटच्या मुठीचं, बाबाच्या आईचं नाव काही येईना. भर रांगेत आई ओरडली,

"अगं, त्याची आई तिथंच राहिली की गं!"